दवाखान्याच्या चिठ्ठीवरचं व्यसन

हे लिहायला मला डॉक्टर मॅडमनी सांगितलं. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका पहिली पंधरा मिनिटं एकच गोष्ट सांगतात: मी दारू पीत नाही, तंबाखूला शिवत नाही, आमच्या घरात असलं काही नाही. मीही तेच सांगितलं होतं. ती पंधरा मिनिटं वाचली तर रांगेतल्या पुढच्या बाईला मिळतील, म्हणून लिहिते.

मी दारू पीत नाही हे आजही खरं आहे. मला व्यसन लागलं ते कारखान्याच्या दवाखान्यातून रीतसर चिठ्ठीवर मिळणाऱ्या निळ्या कॅप्सूलचं. दिवसाला चौदापर्यंत गेले होते. आता तीन वर्षं झाली, एकही घेतलेली नाही. मधलं सगळं खाली आहे.

कंबर

आम्ही जबलपूरला, चेरीतालमध्ये राहतो. हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, मी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीला. तोफगोळा फोडणाऱ्या फ्यूजचे छोटे पितळी भाग गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावून बघायचे, हे माझं काम. गेजला दोन तोंडं असतात. एकातून भाग गेला पाहिजे, दुसऱ्यात अडला पाहिजे. दोन्ही जमलं तर हिरव्या ट्रेत, नाहीतर लाल ट्रेत. बावीस वर्षं मी हे केलं आणि मला ते आवडायचं. टेबलावर बसलं की घर, सासर, महागाई, सगळं बाहेर राहतं.

एका सकाळी कारखान्याच्या बसमधून उतरताना पायरीवरून पाय सुटला आणि कंबरेतली चकती सरकली. तीन आठवडे पाठीवर पडून होते. कारखान्याच्या दवाखान्यातून निळ्या कॅप्सूल आल्या, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. दुखणं खरं होतं आणि औषधही खरं होतं. देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या दारात सकाळी शंभर माणसं उभी असायची आणि मी दर पंधरा दिवसांनी जाऊन म्हणायचे, ‘कंबर अजून आहे साहेब.’ ते जुन्या चिठ्ठीवर ‘चालू ठेवा’ लिहायचे. कंपाउंडर शिक्का मारून कागदाच्या पुडीत कॅप्सूल बांधून द्यायचा.

लढाईचा उन्हाळा

मग कारगिलची लढाई सुरू झाली. कारखान्यात बारा तासांची पाळी लागली, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, रविवारची सुट्टी बंद. कोणी कुरकुर केली नाही. ट्रक फाटकाशी उभे असायचे आणि आपल्या हातातला माल कुठे चालला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या शकुनचा भाचा फौजेत होता. ती जेवणाच्या सुट्टीतही पूर्ण वेळ बसायची नाही.

बारा तास वाकून बसल्यावर कंबर आठव्या तासाला बोलायला लागते. मी दुपारी दोन कॅप्सूल जास्त घेतल्या. काम झालं. दुसऱ्या दिवशी परत घेतल्या. खरं सांगायचं तर एव्हाना त्या फक्त कंबरेसाठी नव्हत्या. घेतल्यावर अर्ध्या तासाने आत कुठेतरी पंखा लावल्यासारखं व्हायचं. उकाडा, घाम, मिश्राजींचा आवाज, काहीच टोचायचं नाही. मिश्राजी म्हणजे आमच्या सेक्शनचे चार्जमन, आमच्यावरचे साहेब.

पुडी पुरेना, तेव्हा मी घमापूरच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये गेले.

“चिट्ठी, दीदी?”

“घरी राहिली भैया. कारखान्याचीच आहे.”

पहिल्यांदा त्याने एक पट्टी दिली. तिसऱ्यांदा तो चिठ्ठी विचारायचा थांबला. महिन्याभराने मी काउंटरशी पोचायच्या आधी त्याचा हात कपाटाकडे जायचा. तेव्हा मला ती सोय वाटली होती.

सकाळी उठल्यावर नाक गळायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, जांभयांवर जांभया. अंगावर काटा, तोही जूनमध्ये. मी म्हणायचे सर्दी आहे. आमची मृणाल तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र अर्धं हिंदी.

“आई, तुझी सर्दी रोज सकाळी येते आणि चहा पिला की जाते. ऐसी कौन सी सर्दी है?”

चहाबरोबर मी काय घेत होते हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

लाल ट्रे

त्या दुपारी मी चार कॅप्सूल एकदम घेतल्या होत्या. काम छान चाललं आहे असं मला वाटत होतं. शकुन मधेच उठली आणि गाडीवर लागलेल्या ट्रेंमधून एक ओढून काढली.

“दीदी, ये लाल वाली किधर चली?”

माझ्या हाताने मी नापास मालाची ट्रे पास मालाच्या गाडीवर ठेवली होती.

मिश्राजींनी माझा त्या दिवसाचा सगळा माल परत तपासायला लावला. आणखी सात भाग निघाले, जे मी हिरव्यात टाकले होते. आमच्यानंतर दुसरी तपासणी असते, तिथे अडले असते, असं सगळे मला समजावत होते. अडलेही असते. पण तपासणीवाला ‘पुढे कोणीतरी बघेल’ म्हणायला लागला की त्या टेबलाचा उपयोग काय?

“वंदनाजी,” मिश्राजी म्हणाले, “घर जाइए. डॉक्टर से लिखवाकर लाइए कि आप ठीक हैं, तब टेबल मिलेगा.” ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मला ते टेबल परत हवं होतं. कंबर, व्यसन, बरं होणं, हे सगळं नंतर आलं. पहिल्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले ती टेबलासाठी.

नाव कळलं तो दिवस

कामात लक्ष राहत नाही, चुका होतात, एवढं मी सांगितल्यावर कारखान्याच्या दवाखान्याने मला शहरातल्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात पाठवलं. पाटी वाचून हे दारातच थांबले.

“इथे काहून पाठवलं? तुझी कंबर दुखते, डोकं नाही.”

“चिठ्ठीवर हेच लिहिलंय.”

“कोणी ओळखीचं भेटलं तर?”

“तोही इथेच आलेला असेल ना,” मी म्हणाले. त्यावर ते आत आले.

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी माझी पंधरा मिनिटांची कैफियत ऐकून घेतली, मग विचारलं, “रोज कितनी?”

“चार-छह. काम ज़्यादा हो तो दस.” चौदा सांगायचा धीर झाला नाही.

“और जिस दिन नहीं लीं, उस दिन क्या हुआ?”

मी आठवून बघितलं. “ऐसा कोई दिन आया नहीं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बस. यही बीमारी है.”

त्या कॅप्सूलमध्ये अफूच्या घराण्यातलं औषध असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी रडले वगैरे नाही. मला राग आला. अफू खाणारा माणूस मी पाहिला होता, जबलपूरजवळच्या पाटणच्या बाजाराला जाताना रस्त्याकडेच्या झाडाखाली बसलेला असायचा. मी इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन, वेळेवर बस पकडणारी बाई.

तीन रस्ते

मॅडमनी पर्याय समजावून सांगितले. मला समजले तसे सांगते. नेमकं काय घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पहिला रस्ता: दवाखान्यात भरती व्हायचं, कॅप्सूल बंद करायच्या आणि शरीर जो दंगा करेल त्याच्यावर वेगवेगळी औषधं घेत दहा-बारा दिवस काढायचे. दुसरा: ब्युप्रेनॉर्फिन नावाची छोटी गोळी, जिभेखाली ठेवायची. तीही त्याच घराण्यातली, पण धीमी. ती दंगा होऊ देत नाही आणि डोक्यात पंखाही लावत नाही. ती काही महिने, लागलं तर त्याहून जास्त घ्यायची आणि हळूहळू कमी करायची. तिसरा रस्ता नंतरचा: शरीर पूर्ण मोकळं झाल्यावर एक अशी गोळी रोज घ्यायची, की पुन्हा कॅप्सूल घेतली तरी तिचा असर होत नाही. तिन्ही रस्त्यांवर बोलणं आलंच. आठवड्यातून एकदा मॅडमकडे बसायचं, घरच्यांनीही यायचं.

“बारा दिवसवालं करू,” हे लगेच म्हणाले. “कोणाला कळायच्या आत घरी.”

मॅडम म्हणाल्या, कंबरेचं दुखणं आहे, कामाचा ताण आहे, बारा दिवसांनी मोकळ्या हाताने घरी गेलात तर परत सुरू होण्याची भीती जास्त. त्यांचा कल दुसऱ्या रस्त्याकडे होता. मी तोच घेतला. यांनी तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी सकाळी यायचं ठरलं. आधी कॅप्सूल पूर्ण थांबवायच्या, अंगाची कुरकुर सुरू झालेली दिसली की मगच गोळी. हे त्यांनी दोनदा सांगितलं. लवकर दिली तर उलटते, असंही सांगितलं.

मी काय केलं

घरी येऊन यांनी माझ्या पर्समधल्या पट्ट्यांतल्या सगळ्या कॅप्सूल काढून संडासात ओतल्या आणि पट्ट्या फेकल्या. त्यानंतर मी घमापूरला गेले नाही. दोन दिवसांनी सकाळी नऊला मॅडमसमोर बसले.

“आख़िरी कैप्सूल कब ली?”

“परसों दोपहर.”

मी खोटं बोलत नव्हते, किंवा बोलते आहे हे मला कळत नव्हतं. दुकानातली शेवटची कॅप्सूल मी परवा दुपारीच घेतली होती. त्या सकाळी चहाबरोबर मी दोन घेतल्या होत्या, आदल्या संध्याकाळी दोन, पण त्या पुडीतल्या. चिठ्ठीवर लिहिलेल्या. दुकानातलं ते व्यसन आणि दवाखान्यातलं ते औषध, असे माझ्या डोक्यात दोन डबे होते. आम्ही शिक्क्यावर जगणारी माणसं. आमच्याकडे शिक्का मारलेल्या वस्तूवर संशय घेत नाहीत. सरकारने मोजून, बांधून, सही करून दिलेलं औषध मोजणीत कशाला धरायचं?

मॅडमनी हात बघितले, डोळे बघितले. “अभी तो आप ठीक लग रही हैं. सच में परसों?”

“सच में.” घाईही होती मला. गोळी मिळेल, कागद मिळेल, टेबल मिळेल.

त्यांनी अर्धीच गोळी दिली. चाळीस मिनिटांत मी जमिनीवर होते. उलट्या, जुलाब, पायांत गोळे, घामाने साडी चिंब. जी सर्दी रोज सकाळी मला फक्त ओझरतं भेटून जायची, ती आता सगळं कुटुंब घेऊन आली होती. मॅडम धावत आल्या. त्यांनी सलाइन लावलं, पोटाला आणि पायांना औषधं दिली आणि परत परत विचारलं, “कुछ और लिया था? सुबह कुछ भी?”

“नहीं.”

दुपारनंतर जरा थांबलं. मॅडम म्हणत होत्या, राहा. मी सही करून घरी आले. येताना रिक्षात मी यांना म्हणाले, “विष देऊन राहिले तिथे.” हे म्हणाले, “मी बोललोच होतो.” बऱ्याच दिवसांनी आमचं एकमत झालं. घरी पोचल्यावर मी पुडीतल्या चार कॅप्सूल घेतल्या आणि झोपले.

कावीळ

पुढचे नऊ दिवस मी आजारी म्हणून घरात होते. काय झालंय म्हणून कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे यांनी ठरवलं होतं: कावीळ. हे मोठं चुकलं. चेरीतालमध्ये काविळीवर सगळ्यांकडे उपाय आहे. सकाळी उसाचा रस यायचा, दुपारी बिनतेलाची खिचडी, संध्याकाळी मुळ्याची पानं. शेजारच्या लीलावहिनी तर पाटणहून कावीळ उतरवणारा एक म्हातारा घेऊन आल्या. त्याने माझ्या डोक्यावर काड्यांची माळ ठेवली, माझे डोळे खाली ओढून बघितले आणि म्हणाला, “बाई, पीलिया तो है नहीं.”

“उतर गया होगा, बाबा,” हे म्हणाले.

“हमने तो अभी उतारा नहीं,” म्हातारा म्हणाला.

मृणाल स्वयंपाकघरात हसत होती. हसताना ती माझ्या डब्याची पिशवी झटकत होती, धुवायला टाकायची म्हणून. पिशवीतून पुडी पडली. म्हातारा गेल्यावर ती पुडी घेऊन माझ्याकडे आली.

“आई, पापाने तो सब फेंक दी थीं ना? ये?”

“ती कंबरेची आहे. दवाखान्याची.”

 ती आपल्या खोलीत गेली आणि एक रिकामी पट्टी घेऊन आली. यांनी फेकलेल्यांतली एक तिने उचलून ठेवली होती, काय आहे ते कॉलेजातल्या मैत्रिणीच्या भावाला विचारायला. पट्टीच्या कोपऱ्यात एक कॅप्सूल अडकून राहिली होती. तिने ती काढली आणि पुडीतली एक तिच्या शेजारी ठेवली, माझ्या समोर, पाटावर.

“तू बघ. तुझंच काम आहे.”

एकच रंग, एकच लांबी, अंगावर तीच छापलेली अक्षरं. बावीस वर्षं दोन वस्तूंचं माप जुळतं की नाही हे बघण्याचा पगार घेतलेल्या बाईने या दोन कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

“डॉक्टरला सांगितलंस का, की ह्या पण घेऊन राहिली तू?”

“नाही.”

“काहून?”

 मी साडी बदलली आणि मृणालला घेऊन हॉस्पिटलला गेले. हे ऑफिसात होते. त्यांना संध्याकाळी कळलं.

दुसऱ्यांदा

मॅडमनी माझं सगळं ऐकलं. मी पुडीही टेबलावर ठेवली.

“उस दिन मैंने आपसे तीन बार पूछा था,” त्या म्हणाल्या.

“जी.”

“आपको उलटियाँ हुईं, और मैं दो दिन सोचती रही कि मुझसे क्या ग़लती हुई.”

हे मला लागलं. माझ्या खोट्यामुळे दुसऱ्याच्या कामावर शंका आली होती. ते कसं वाटतं हे मला माहीत असायला हवं होतं.

या वेळी भरती झाले. कॅप्सूल थांबवल्यानंतर सकाळ झाली, जांभया सुरू झाल्या, नाक वाहायला लागलं, हातावर काटा उभा राहिला. मॅडम येऊन बघून गेल्या. “अभी नहीं.” तासाभराने परत. “अभी नहीं.” दुपारी पाय ओढायला लागले तेव्हा त्यांनी अर्धी गोळी जिभेखाली ठेवली. मी कॉटची दांडी धरून बसले, आता काय होतं म्हणून. काही झालं नाही. वीसेक मिनिटांनी नाक थांबलं. अर्ध्या तासाने मी मृणालला म्हणाले, भूक लागली.

पुढचे दिवस एकसारखे गेले. सकाळी थर्मामीटर, मग गोळी, आता अख्खी. ती चघळायची नाही, गिळायची नाही, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. मी एकदा बोलायला तोंड उघडलं तर वॉर्डातली आया फूलवती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मुँह बंद, दीदी. इतनी देर चुप रहने के तो लोग पैसे दें.” शेजारच्या कॉटवरची बाई दिवसभर कोणाशी तरी भांडायची, जो तिथे नसायचा. दुपारी ती मला आपल्या ताटातला गूळ द्यायची, रोज. वॉर्डात ट्रान्झिस्टर होता. एक शिखर परत घेतल्याची बातमी आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते सात भाग डोक्यातून जात नव्हते.

आराम सगळा एकदम मिळत नाही हे सांगून ठेवते. झोप महिनाभर धड नव्हती. बद्धकोष्ठ झालं. कंबरेचं दुखणं, जे या सगळ्याच्या तळाशी होतं, ते पुन्हा वर आलं आणि त्याचा वेगळा इलाज करावा लागला: पट्टा, शेक, रोजचे व्यायाम. व्यायाम कंटाळवाणे आहेत. त्यांनी फरक पडतो.

घरी

यांना सगळ्यात जास्त त्रास गोळी चालू राहण्याचा झाला. चौथ्या महिन्यात ते मॅडमसमोरच बोलले.

“निळी गेली, सफेद आली. मग सुटलं काय?”

मॅडमनी विचारलं, “आपका चश्मा कितने साल से है?”

“पंधरा.”

“कब छूटेगा?”

यांनी चष्मा काढून पुसला. परत येताना रिक्षात म्हणाले, “चष्म्याची गोष्ट वेगळी आहे.” मी म्हणाले, “वेगळी आहेच. तुमचा चष्मा कोणी कावीळ म्हणून लपवत नाही.” त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः जाऊन लीलावहिनींना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “अच्छा. मग खिचडीत तेल घातलं तर चालेल ना?” एवढंच. चार महिने आम्ही ज्या गोष्टीला घाबरत होतो ती एवढीच होती. सगळीकडे असंच झालं असं नाही. यांच्या मोठ्या भावाने आम्हाला पुढच्या गणपतीला बोलावलं नाही.

एकदा घसरायच्या बेतातही आले. दाढ दुखायला लागली, कारखान्यातल्या एकीने पर्समधून निळी कॅप्सूल काढून हातावर ठेवली, आणि ती मी दोन तास रुमालात बांधून ठेवली. घेतली नाही, पण टाकलीही नाही. हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगायला आलात ना, झालं. दाढ काढताना दंतवैद्याला आधी सगळं सांगा. तेव्हापासून कोणत्याही डॉक्टरकडे गेले की नावानंतर दुसरं वाक्य मी हेच बोलते.

फॉर्म

लढाई संपून पाच महिने झाले होते. मॅडमनी मी कामाला योग्य असल्याचं लिहून दिलं. पण कारखान्याच्या डॉक्टरांचा स्वतःचा फॉर्म असतो, तो आपण भरायचा. त्यात एक रकाना होता: सध्या चालू असलेली औषधं.

“निरंक लिही,” हे म्हणाले. शकुनही म्हणाली, “लिख दो ना दीदी, कौन देखता है.” गोळी तेव्हा अर्धीवर आली होती. सकाळी घरी घ्यायची, बाहेर कोणाला दिसायचं कारण नव्हतं. हात थरथरत नव्हता, डोकं साफ होतं. टेबल अजून कोणाला दिलं नव्हतं, त्यावर एक नवी मुलगी तात्पुरती बसवली होती.

मी ब्युप्रेनॉर्फिन लिहिलं. कशासाठी, तेही लिहिलं.

डॉक्टरांनी फॉर्म वाचला, मग दार ओढून घेतलं. “मैडम, ये लिखेंगी तो टेबल अभी नहीं मिलेगा. नहीं लिखतीं तो मैं पूछता नहीं.”

“मालूम है, साहब.”

“तो फिर?”

“पिछली बार किसी ने नहीं पूछा था, और मैंने बताया नहीं था.”

सहा महिने मला गेज स्टोअरमध्ये टाकलं. सकाळी गेज काढून द्यायचे, संध्याकाळी घेऊन पुसायचे, तेल लावायचं, पेटीत ठेवायचे. जिथे मी बावीस वर्षं गेज मागायला जायचे, त्याच खिडकीच्या आत आता मी. टोमणे आलेच. एक जण रोज म्हणायचा, “कारख़ाने में सब गोली बनाते हैं, दीदी खाती हैं.” पहिल्या आठवड्यात मी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, “आधी गोली, भैया. आजकल आधी ही.” मग त्याला मजा येईना.

टेबल

सहा महिन्यांनंतर परीक्षा. शंभर भाग, त्यांत काही मुद्दाम मिसळलेले खराब, किती ते सांगत नाहीत. ही परीक्षा सगळ्या तपासणीवाल्यांची होते, माझ्यासाठी वेगळी नव्हती. फक्त या वेळी मिश्राजी शेजारी उभे राहिले. त्या सकाळी पाव गोळी घेतली होती आणि हे त्यांना माहीत होतं.

मी वेळ लावला. झाल्यावर त्यांनी यादीशी ताडून बघितलं.

“एक छूटा,” ते म्हणाले. “दो तक चलता है. पास हैं आप.”

“कौन सा?”

“अरे, पास हैं.”

“दिखाइए ना.”

त्यांनी हिरव्या ट्रेतून एक भाग काढून दिला. गेजच्या ज्या तोंडातून भाग जायला हवा, तिथे मी तो लावला. गेला. परत लावला, या वेळी बोट न टेकवता, त्याच्या वजनाने जाईल तसा. अडला. म्हणजे पहिल्यांदा मी जोर लावला होता. गेजवर जोर लावायचा नसतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पास व्हायची घाई झाली की बोट आपोआप दाबतं. कॅप्सूल, गोळी काहीच नव्हतं तेव्हाही कधी कधी दाबलं असेल का? या प्रश्नाचं उत्तर मला कधी मिळणार नाही, आणि त्याच्यासकट मला त्या खुर्चीवर बसायचं होतं.

“मिश्राजी, एक महिना मेरी ट्रे शकुन दोबारा देखे, तो चलेगा?”

“ज़रूरत नहीं है.”

“मुझे है.”

त्यांनी शकुनकडे बघितलं. ती म्हणाली, “देख लेंगे. पर दीदी, ग़लती निकली तो समोसे आपके.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर बसले. पहिली ट्रे भरली तशी शकुन आली, मधलाच एक भाग उचलला, गेजला लावला, दोन्ही तोंडांनी बघितला आणि परत ठेवला.

“ठीक है,” ती म्हणाली.

मी पुढचा उचलला.